घोड्याचा नकार

मनुष्य व घोडा यांचा सहवास काही सहस्र वर्षांचा आहे, आणि त्या सहवासाचा इतिहास एकाच शब्दात सांगावयाचा झाल्यास 'लगाम' हा शब्द पुरेसा होईल. रानातले बुजरे जनावर धरावे, त्यास खोगिराची सवय लावावी, तंग आवळावा, टाचेच्या खुणेवर चालावयास शिकवावे, आणि मग त्याच्या पायांच्या बळावर राज्ये मिळवावी व गमवावी, हेच सर्व देशांत घडत आले. कठोपनिषदात इंद्रियांस घोड्यांची उपमा दिली आहे. प्लेटोच्या एका संवादात आत्म्याच्या रथास एक सालस व एक उद्दाम असे दोन घोडे जोडलेले आहेत. दोन्ही ठिकाणी प्रशंसा होते ती सारथ्याच्या हाती राहणाऱ्या घोड्याची. आपल्या बोलीत घोड्याचे अवगुण सांगणारे शब्द तरी कोणते? नाठाळ, अडेल, उधळ्या. ज्या जनावरास यांपैकी एक विशेषण लागले, त्याचे बाजारातील मोल उतरले म्हणून समजावे.

असे असता पृथ्वीच्या पाठीवर एक खेळ असा आहे की, ज्यात पाठीवरच्या मनुष्यास भिरकावून देणे हाच घोड्याचा सर्वोच्च गुण गणला जातो. जो अधिक नाठाळ त्यास अधिक गुण, अधिक किंमत आणि अधिक कीर्ती. हा खेळ म्हणजे उत्तर अमेरिकेतील रोडिओ, आणि त्यातही विशेषेकरून 'ब्राँक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उसळत्या घोड्यावरील स्वारी. हा खेळ क्रूर आहे काय, हा प्रश्न त्या देशांत शंभर वर्षे विचारला जात आहे. आम्हांस मात्र तो खेळ प्रत्यक्ष पाहिल्यावर एक निराळाच प्रश्न पडला, व तो एका लहान मुलीने आमच्या मनात घातला. त्याचा थोडा ऊहापोह येथे करावयाचा आहे.

आमची एक भाची कॅनडातील आल्बर्टा प्रांतात संसार करून राहिली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्याकडे गेलो असता जवळच्या एका लहान गावी रोडिओ आहे असे कळले, आणि सर्व मंडळी मोटारीत बसून निघालो. मैदानाच्या कडेस लाकडी व लोखंडी आडव्या दांड्यांचे अरुंद कप्पे होते. एकेका कप्प्यात एकेक घोडा उभा. स्वार वरून हलकेच त्याच्या पाठीवर उतरे, मान हलवून खूण करी, आणि कप्प्याचे दार बाजूस उघडताच घोडा मैदानात झेप घेई. डोके खाली, पाठ कमानीसारखी ताठ, चारी पाय जमिनीपासून सुटलेले, आणि लगेच मागल्या दोन पायांची आकाशाकडे दुगाणी. स्वारास एकच हात धरावयास मोकळा. दुसरा हात घोड्यास लागला की तो बाद. पहिल्या उडीस स्वाराच्या टाचा घोड्याच्या खांद्यांपुढे असल्या पाहिजेत. हे सारे किती वेळ? अवघी ८ सेकंदे. तेवढा वेळ स्वार टिकला, तर पंच १०० पैकी गुण देतात. त्यांतील निम्मे स्वाराचे व निम्मे घोड्याचे. घोडा पुरेसा उसळला नाही, तर स्वारास दुसरा घोडा देऊन पुन्हा संधी देता येते, कारण शांत घोड्यावर टिकून राहण्यात पुरुषार्थ तो कसला!

आमच्या बाजूस एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांचा जन्म घोड्यांत गेला होता, व आमच्या तोंडावरील शंका त्यांनी ओळखली असावी. ते म्हणाले, "घोड्यास हे आवडते. त्याच्या मनात नसेल, तर जगातील कोणीही त्यास उसळावयास लावू शकणार नाही." यावर आमच्या भाचीची सात वर्षांची कन्या आमच्या कानाशी लागून मराठीत म्हणाली, "आजोबा, त्याला आवडतं, तर मग तो माणसाला पाडतो कशाला?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या वेळी देता आले नाही. परंतु प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ह्या खेळाविरुद्धचा एक प्रचलित आरोप बाजूस सारणे न्यायाचे होईल. कित्येक दयाळू लोकांची अशी समजूत असते की, घोड्याच्या नाजूक अवयवांस दोरी आवळून त्यास असह्य वेदना दिल्या जातात, व म्हणून तो उसळतो. वस्तुस्थिती तशी नाही. बरगड्यांच्या मागे व मागल्या पायांच्या पुढे, कुशीवरून एक पट्टा बांधतात. त्यास मेंढीच्या लोकरीचे किंवा तत्सम मऊ अस्तर असते, व स्वारी संपताच घोडेस्वार साहाय्यक जवळ येऊन तो झटक्यात सोडवितात. उत्तम उसळणाऱ्या घोड्यांत घोड्याही पुष्कळ असतात, यावरूनच त्या आरोपातील चूक ध्यानात यावी. स्वाराच्या टाचेच्या आरा बोथट असाव्यात व त्यांची चक्रे सैल फिरावीत, असाही व्यावसायिक स्पर्धांचा नियम आहे. ज्यास एखाद्या प्रथेचा निषेध करावयाचा आहे, त्याने प्रथम ती यथातथ्य जाणून घ्यावी. चुकीच्या आरोपाने आरोपीचेच बळ वाढते.

तथापि पट्टा मऊ आहे म्हणून तो निरर्थक आहे असे नव्हे. निरर्थक असता तर तो बांधलाच नसता. तो कुशीस टोचत नसला तरी खुपतो, व ती अडचण झटकून टाकण्यासाठी घोडा मागले पाय अधिक उंच झाडतो. लंडनमध्ये १९२४ व १९३४ साली अमेरिकन पद्धतीचे रोडिओ झाले, तेव्हा तेथील लोकमत क्षुब्ध झाले. आणि १९३४ सालीच ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून, क्रूर साधनाने वा उपचाराने उसळावयास लाविलेल्या घोड्यावरील स्वारीचे जाहीर प्रयोग निषिद्ध ठरविले. त्या कायद्याचा सारा भार 'क्रूर' ह्या एका शब्दावर होता. पट्टा मऊ केला की शब्द गळून पडतो, आणि प्रश्न मात्र जेथल्या तेथे राहतो.

आता त्या वृद्ध गृहस्थांचे म्हणणे पाहू. घोड्याचा तो स्वभावच आहे, हे त्यांच्या पक्षाचे मुख्य प्रमाण. ह्यात सत्यांश आहे. कोवळे शिंगरू कुरणात खेळताना आपण होऊन उड्या मारते व दुगाण्या झाडते, हे कोणीही पाहावे. पाठीवर अकस्मात काही आले तर उसळी मारून ते झुगारून देण्याची घोड्याची प्रवृत्ती फार प्राचीन आहे. मोकळ्या माळरानात पाठीवर झेप घेणारा प्राणी हा बहुधा त्याचा प्राण घेण्यासाठीच आलेला असे. येणेप्रमाणे एकाच उसळीची दोन मुळे दिसतात, एक आनंद व दुसरे भय. बाहेरून पाहणाऱ्यास उडी तीच दिसते. रोडिओचा कैवारी पहिल्या मुळाकडे बोट दाखवितो व निंदक दुसऱ्याकडे, आणि दोघांसही घोड्याच्या अंतरंगाचे साक्षीदार मिळत नाहीत.

शिवाय 'स्वभाव' हा शब्द वाटतो तितका निरागस नाही. आरंभी हा खेळ म्हणजे गुरांच्या राखणदारांचे नित्याचे काम होते. रानटी घोडे माणसाळविताना जो आडदांडपणा सोसावा लागे, त्यातूनच स्पर्धा जन्मली. वायोमिंगमधील 'स्टीमबोट' नावाचा घोडा ह्या जुन्या पिढीचा. नाकाचे हाड मोडल्यामुळे उसळताना त्याच्या श्वासाची शिट्टी वाजे, म्हणून त्यास वाफेच्या बोटीचे नाव पडले. १९१४ साली तारेच्या जखमेत विष भिनून त्याचा अंत झाला. आणि १९३६ पासून त्या राज्यातील मोटारींच्या क्रमांकपाट्यांवर जो उसळता घोडा झळकतो, त्याचे नाते लोक ह्याच घोड्याशी जोडतात. पुढे गुरांची ती मोकळी राने गेली, ट्रॅक्टर आले, व नाठाळ घोडे सहजी मिळेनासे झाले. तेव्हा ते निर्माण करण्याचा मार्ग निघाला. १९१२ साली सुरू झालेल्या कॅल्गरीच्या प्रसिद्ध स्टँपीडने १९६१ पासून उसळणाऱ्या घोड्यांची स्वतंत्र पैदासच आरंभिली. नामांकित उसळणाऱ्या घोडीस तशाच घोड्यापासून शिंगरू व्हावे, त्यातून जे उसळेल ते राखावे, ही तिची रीत. ज्या स्वभावाची मनुष्याने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून बांधणी केली, त्याच स्वभावाकडे बोट दाखवून 'आम्ही काय करणार, निसर्गच तसा!' असे म्हणण्याचा अधिकार त्या मनुष्यास कितपत राहतो? कुंभाराने घागरीच्या आकारास मातीचा स्वभाव म्हणावे, तशातलाच हा प्रकार होय.

स्वभावात शिक्षणाचीही भर पडते. घोडा उसळतो, आठ सेकंदांत पाठीवरचे ओझे जाते, कुशीचा पट्टा सुटतो, दार उघडते व सोबती घोड्यांच्या कळपात परत जावयास मिळते. प्राण्यांच्या शिक्षणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ सांगतात की, ज्या कृतीच्या शेवटी त्रास थांबतो ती कृती प्राणी दृढपणे शिकतो. कॅल्गरी विद्यापीठातील संशोधकांनी रोडिओच्या कप्प्यांत उभ्या असलेल्या जनावरांचे वर्तन बारकाईने पाहिले. अनुभवी घोड्यांपेक्षा नवख्या घोड्यांत अस्वस्थतेची चिन्हे अधिक, असा त्यांच्या निरीक्षणाचा रोख होता. ह्याचा अर्थ दोन्ही प्रकारे लागतो. घोड्यास कळले की येथे जिवास धोका नाही, म्हणून तो शांत झाला, असे एकजण म्हणेल. दुसरा म्हणेल की, येथे धडपडून उपयोग नाही, हे घोड्यास कळले, म्हणून तो शांत झाला. प्रस्तुत घोड्यांपुरते बोलावयाचे, तर दार उघडताच ते ज्या त्वेषाने झेपावतात त्यावरून हताशपणाचा तर्क आम्हांस फारसा पटत नाही. परंतु त्वेष म्हणजे संतोष नव्हे, एवढे ध्यानात ठेवावे.

येथे आम्ही त्या मुलीच्या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. घोडा मनुष्यास पाडतो ह्याचा साधा अर्थ 'तू नको' असा आहे. मुक्या प्राण्याच्या भाषेत ह्याहून स्पष्ट नकार दुसरा नसेल. आणि ह्या खेळाची विलक्षणता अशी की, त्याने त्या नकाराचेच मोल ठरविले आहे. नांगराचा घोडा अडला तर त्याच्या नकारामुळे काम थांबते; धन्यास रागावून का होईना, त्याची दखल घ्यावी लागते. कदाचित खोगिराखाली जखम असेल, कदाचित जनावर दमले असेल. येथे मात्र घोडा जितक्या जोराने 'नको' म्हणेल, तितक्या आदराने त्यास पुढल्या आठवड्यात पुन्हा कप्प्यात उभे केले जाईल. त्याचा नकार हीच त्याची चाकरी झाली आहे. मग खराखुरा नकार द्यावयाचा झाल्यास घोड्याने काय करावे? एकच मार्ग उरतो, तो म्हणजे मुकाट उभे राहणे.

आणि मुकाट उभ्या राहिलेल्या घोड्याचे काय होते, हीच आमच्या मते ह्या खेळाची खरी कसोटी आहे. कीर्तिमंत घोड्यांच्या वाट्यास मोठा मान येतो, हे निःसंशय. ओक्लाहोमा शहरातील काउबॉय संग्रहालयाच्या आवारात 'मिडनाइट' नावाच्या, १९३६ साली मेलेल्या घोड्याचे थडगे आहे. कित्येक नामांकित घोडे म्हातारपणी कुरणात सुखाने चरतात, हेही खरे. परंतु सर्वच घोडे नामांकित नसतात. जो घोडा एके दिवशी उसळावयाचा थांबतो, त्यास कोणी सवारीस वा ओझ्यास लावतो, कोणी विकून टाकतो. आणि विकलेला घोडा पुढे कोणाच्या हाती जाईल याचा भरवसा नसतो. अमेरिकेतील घोड्यांचे अखेरचे कत्तलखाने २००७ साली बंद झाले. तरी त्यानंतरही तेथील घोडे त्याच कामासाठी शेजारच्या कॅनडात व मेक्सिकोत पाठविले गेले. त्या घोड्यांत रोडिओचे किती व इतर किती, ह्याचा हिशेब आम्ही मांडत नाही. आम्हांस एवढेच म्हणावयाचे आहे की, जगात इतरत्र सालसपणा हा घोड्याचा जीव वाचवितो. येथे सालस होणे हाच त्याचा अपराध ठरू शकतो.

ह्यावर कोणी म्हणेल, "सातासमुद्रांपलीकडील घोड्यांची चिंता वाहण्यापूर्वी आपल्या घरी पाहा." हा टोला आम्हांस मान्य आहे. आपल्या पुणे जिल्ह्यातील बैलगाड्यांच्या शर्यतींचा वाद अनेक वर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी अशा शर्यतींस मनाई करताना, बैलाची शरीररचना धावण्याच्या शर्यतीसाठी नाही, असे मत दिले. पुढे महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, व १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तामिळनाडू व कर्नाटक ह्या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. ह्या साऱ्या काळात घाटाच्या कडेस उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी जे वाक्य होते, तेच आम्ही आल्बर्टात ऐकले: "आमच्या बैलास पळावयास आवडते." आणि तो शेतकरी खोटे बोलतो असेही नव्हे. पोटच्या पोराप्रमाणे त्याने त्या बैलास खुराक घातलेला असतो. न्यायालय कायद्याच्या वैधतेचा निर्णय देते. बैलाच्या आवडीनिवडीचा निर्णय मात्र ज्याच्या हाती कासरा त्याच्याच सद्‌बुद्धीवर राहतो.

आणखीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आमच्या शहरांत लग्नसराईच्या दिवसांत दिव्यांच्या झगमगाटात व कानठळ्या बसविणाऱ्या वाद्यांच्या गजरात नवरदेवास पाठीवर घेऊन तासन्‌तास उभा राहणारा घोडा आपण सर्वांनी पाहिला आहे. वर्षातून काही मिनिटे उसळणारा व उरलेला काळ कळपात, मोकळ्या कुरणात राहणारा रोडिओचा घोडा आणि हा वरातीचा घोडा ह्यांत सुखी कोण, असे कोणी विचारल्यास आम्ही उत्तर देण्यास कचरू. मात्र त्या वरातीच्या घोड्यास नाठाळपणाबद्दल मार मिळतो, आणि आपण त्याचे सालसपण पाहून तो प्रसन्न आहे असे मानतो. म्हणजे एका देशात उसळी हा आनंदाचा पुरावा, दुसऱ्या देशात स्तब्धता हा आनंदाचा पुरावा! घोड्याने काहीही केले तरी त्याचा अर्थ आपल्या सोयीचा निघतो.

नीतिशास्त्राने ह्या बाबतीत दोन मापे दिली आहेत. बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राण्यांस नीतीच्या वर्तुळात जागा दिली ती बुद्धीच्या नव्हे, तर वेदनेच्या निकषावर. कांटचे म्हणणे असे की, जनावराशी क्रूर होणारा मनुष्य हळूहळू मनुष्याशीही क्रूर होतो, म्हणून क्रौर्य टाळावे. रोडिओचे कैवारी पहिल्या मापास पशुवैद्य पुढे करतात व दुसऱ्या मापास आपली घोड्यांवरील माया पुढे करतात. आणि दोन्हींत त्यांची बाजू अगदीच दुबळी नाही. आमच्या मते ह्या दोहोंबरोबर तिसरे माप हवे. जो प्राणी आपल्या ताब्यात आहे, त्याचा नकार आपणांस ऐकू येईल अशी जागा आपण ठेविली आहे की नाही? वेदना नसतानाही ही जागा नाहीशी होऊ शकते, आणि ती नाहीशी करणारा मनुष्य मायाळूही असू शकतो. घरोघरच्या वडीलधाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको. "तिला आवडते हो सगळ्यांचे करायला," हे वाक्य आपल्या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या किती प्रेमाने म्हटले गेले आहे! जिच्याविषयी ते म्हटले गेले, तिला विचारून ते क्वचितच म्हटले गेले.

मग हा खेळ बंद करावा काय? परदेशच्या प्रथेविषयी असा निकाल एका दुपारच्या अनुभवावर देणे आम्हांस अप्रशस्त वाटते. परंतु जो म्हणतो की घोड्यास हे आवडते, त्याच्याकडे तीन गोष्टी मागण्याचा हक्क कोणासही आहे. घोड्यास खरोखरीच आवडत असेल, तर पट्टा न बांधताही तो उसळेल. तसे करून दाखवावे. इजेची नोंद घोड्याच्या मालकाने वा खेळाच्या चालकाने न ठेवता तिऱ्हाइताने ठेवावी. आणि जो घोडा उसळावयाचा थांबला, त्यास मरेपर्यंत चारा मिळण्याची तजवीज त्याने मिळवून दिलेल्या पैशातूनच व्हावी. पहिल्या मागणीस प्रतिकूल उत्तर आले, तर आवडीची भाषा तरी सोडावी. खेळ आमच्या आवडीचा आहे, असे सरळ म्हणावे. तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. उसळणे थांबविले तरी आपले काही बिघडणार नाही, अशी व्यवस्था असलेला घोडा उसळला, तरच त्याच्या उसळीस आवड म्हणता येईल.

त्या दिवशीची शेवटची स्वारी आम्हांस स्पष्ट आठवते. एका करड्या घोडीने तिसऱ्याच उडीस स्वारास धुळीत लोळविले. सर्व प्रेक्षक उभे राहून पडलेल्या तरुणाकडे पाहू लागले; तो उठला, टोपी झटकली, टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात साहाय्यकाने घोडीचा पट्टा सोडविला होता. ती दोन पावले चालली, थांबली, अंग थरथरविले, आणि कोणी न हाकताच मैदानाच्या टोकाच्या उघड्या दाराकडे आपल्या चालीने निघून गेली. टाळ्या आम्हीही वाजविल्या होत्या. आमच्या शेजारची मुलगी मात्र टाळ्या न वाजविता त्या दाराकडे पाहत होती. परतताना मोटारीत तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, व आम्ही तिला एवढेच सांगितले की, आजोबांस अजून ते नीटसे कळलेले नाही.